बोंबलाची जोडी

मानवतच्या बाजारात आसाराम कुठे बसलाय हे कुणाला विचारावं लागत नसे. वारा येईल त्या बाजूला नाक करायचं आणि चालत राहायचं. धान्याच्या राशी, मिरचीची पोती, बांगड्यांची दुकानं मागे पडली की एका कडुनिंबाखाली सुक्या बोंबलांचा ढीग दिसे, आणि त्या ढिगामागे डोक्याला भला मोठा पटका बांधून, न्यायनिवाडा करायला बसल्यासारखा आसाराम बसलेला असे. शेजारी त्याची बायको दगडाबाई. गिऱ्हाइकाला माल द्यायचं काम तिचं. माहिती द्यायचं काम त्याचं.

माहिती म्हणजे समुद्राची. आता हा गडी दुधनेकाठच्या एका खेड्यातला. खोल पाणी म्हणून त्याने पाहिलेलं ते पाटलाच्या विहिरीचं, आणि एकदा सोयऱ्याच्या लग्नाला जाताना गोदावरीचं. निजामाच्या मुलखाला समुद्र कुठूनच लागत नव्हता. पण म्हणूनच आसारामचं फावत होतं. खोटं ठरवायला समोर कुणी समुद्र पाहिलेला असावा लागतो, आणि मानवतच्या पंचक्रोशीत तसा माणूस नव्हता.

घर तसं शेतकऱ्याचं. पोरसवदा असताना आसाराम गावातला कापूस गाडीत भरून मानवतच्या जिनिंगवर नेई आणि गाडी रिकामी झाली की मानवत रोड स्टेशनावर आगगाड्या बघत बसे. मुंबईच्या बाजूने मनमाडवरून सुक्या मासळीची पोती यायची, ती त्याने तिथे पाहिली. एकदा येताना रिकाम्या गाडीत एक पोतं टाकून आणलं आणि गावात हातोहात खपवलं. झालं, पुढे शेती भावाकडे गेली आणि आसारामकडे बोंबील आले. कुणब्याच्या पोराने हे काय आरंभलं म्हणून भावकीने मोठ्याने नावं ठेवली. नावं ठेवून झाल्यावर गुपचूप मासळीही नेली.

बोंबील विकून आसाराम फार तर पोटापुरतं मिळवी. त्याला नाव मिळालं ते वेगळ्याच कारणाने. पोतं उसवून दगडाबाई ढीग मांडी, त्यातले बोंबील असत ते दोन-दोन. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकलेला, आत वळलेले बारीक दात एकमेकांत घट्ट रुतलेले. ओढले तरी सहज सुटायचे नाहीत. आसारामने यावर पुष्कळ विचार केला. चिलीम ओढत केला, बैलांना पाणी पाजताना केला, आणि शेवटी एक दिवस निकाल लावून टाकला की हे नवरा-बायको आहेत.

मग तो सांगू लागला. "हा मासा खोल पाण्यातला. वर येत न्हाई. मेंढरावानी कळपानं ऱ्हातो. पर एवढ्या कळपात बी नवरा-बायको एकमेकाचं तोंड सोडीत न्हाईत. जगले तर जोडीनं, जाळ्यात गावले तर जोडीनं. आपल्याला माणूस म्हणायचं अन् आपण दोन दिसात भांडतो."

व्यंकटराव नावाचा एक खोचक शेतकरी होता. त्याने एकदा भर बाजारात विचारलं की तोंडं अशी अडकलेली असताना हे खातात कसे. आसाराम क्षणभरही अडखळला नाही. त्यांना खायला कशाला पाहिजे, म्हणाला, सगळीकडे खारं पाणीच आहे. व्यंकटरावाचं समाधान झालं की नाही ठाऊक नाही, पण बाजाराचं झालं.

पुढे असं झालं की पालमकडच्या एका तरुणाची बायको रुसून माहेरी गेली होती. आसारामचं ऐकून त्याने बोंबलांची एक जोडी फडक्यात बांधली आणि सासरवाडी गाठली. बायको परत आली. पेरणी तोंडावर होती, ती तशीही आली असती, पण एवढा विचार कोण करतो? तेव्हापासून रीतच पडली. कुणाच्या घरी भांडण झालं, कुणाची बायको माहेरी जाऊन बसली, की नवऱ्याने आसारामकडून जोडी न्यायची आणि सासऱ्याच्या ओसरीवर बसून ती पुढे ठेवायची. माळकरी सासरा असला तर जोडी दाराबाहेर ठेवावी लागे आणि बायकोलाच बाहेर बोलवावं लागे. तरी रीत पाळली जाई. लग्नाकार्यात आसारामला मुद्दाम बोलावून तेच भाषण करायला लावत. तोही आढेवेढे न घेता उभा राहायचा.

हे सगळं चालू असताना दगडाबाई काय करत असे? काही नाही. ती खाली मान घालून माल निवडत असे आणि कधी कधी तिच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हलल्यासारखं होई. पोतं सोडणं, चाळणं, निवडणं, पाट्यांत भरणं हे बाजाराच्या सकाळी ती एकटीच उरकायची. आसाराम तेवढ्या वेळात पटका बांधायचा. त्या पटक्याला वेळ फार लागे.

आणि घरी आसाराम कसा होता म्हणाल, तर मुका. नवरा-बायकोच्या प्रेमावर बोलून बोलून बाजारातच त्याचे सगळे शब्द संपलेले असत. घरापुरते पाणी, भाकर आणि पटका एवढे तीन उरत. दगडाबाई त्यांच्यावरच संसार करत होती.

मग एक दिवस धुरपताबाई बाजारात आली. त्यांच्याच गल्लीतली एकटी म्हातारी, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. तोंडाला चव नाही, एखादा बोंबील भाजून भाकरीबरोबर खावा वाटतोय, एकच दे, असं तिने आसारामला सांगितलं. समोर त्या वेळी दहा-वीस माणसं जमलेली, भाषण ऐन रंगात आलेलं.

"जोडी मोडत नसतो, मावशे," आसाराम म्हणाला. "पाप लागतंय."

धुरपताबाई म्हणाली, "ज्याची जोडी देवानंच मोडली त्यानं काय खावं मग?" आणि गुडघ्यावर हात टेकून उठायला लागली.

दगडाबाईने ढिगातली वरची जोडी उचलली, दोन्ही जबडे धरून अंगठ्याने दाबले, एक झटका दिला आणि सुटलेला एक बोंबील धुरपताबाईपुढे धरला. एवढ्या सहज की सगळे बघतच राहिले. आसारामचा तोल गेला. भाषणाच्या मध्येच, एवढ्या लोकांपुढे, त्याच्याच बायकोने जोडी मोडली होती. तुला काय अक्कल हाय का, असं म्हणून तो जे सुटला ते त्याला स्वतःलाही आवरेना. त्या गोंधळात धुरपताबाई बोंबील न घेताच निघून गेली. दगडाबाईने हातातले दोन्ही बोंबील ढिगावर ठेवले, लुगडं झटकलं आणि सेलूकडे निघालेल्या एका ओळखीच्या गाडीत जाऊन बसली. तिचं माहेर चारठाण्याचं.

दोन दिवसांत येईल म्हणून आसारामने वाट पाहिली. मग पुढच्या बाजारापर्यंत येईल म्हणून पाहिली. ती आली नाही. भाकरी शेजारणीकडून येऊ लागली, आणि त्या घरात 'पाणी' म्हटलं तरी कुणी उठेना.

त्यात एक नवंच संकट उभं राहिलं. बाजाराच्या सकाळी आसारामने स्वतः पोतं उसवलं तर आत बहुतेक बोंबील सुटे. जोडी म्हणून दिसेल ती कुठेतरी एखादी, तीही हात लावला की सुटणारी. त्याने दुसरं पोतं फोडलं, तेच. तो चांगलाच हादरला. लोक ढिगाकडे बघत, त्याच्याकडे बघत आणि काही विचारायच्या आत हसत. व्यंकटराव तर मुद्दाम लवकर आला. आसारामचं घर मोडलं ते माशांना बी कळलेलं दिसतंय, असं तो म्हणाला आणि ते वाक्य संध्याकाळपर्यंत बाजारभर झालं.

दुसऱ्या कुणाला ती थट्टा वाटली असेल, आसारामला वाटली नाही. त्याला ते खरंच वाटलं. वर्षानुवर्षं आपण ज्यांचे गुण गायले ते मासेसुद्धा आपल्यावर उलटले, असं त्याच्या मनाने घेतलं. दगडाबाई परत येते की नाही याचा त्याला आता घोर लागला. त्याने सगळा ढीग उपसून घट्ट अडकलेली एक जोडी शोधली, फडक्यात बांधली आणि स्टेशन गाठलं. दुसऱ्यांना घालून दिलेल्या वाटेने आता त्यालाच जायचं होतं. स्टेशनवरच्या हमालांनी त्याच्या हातातलं गाठोडं ओळखलं आणि अगदी अदबीने वाट करून दिली. ती अदब त्याला फार झोंबली.

सेलूला जाणाऱ्या गाडीत तिसऱ्या वर्गाच्या डब्यात तो शिरला आणि डबा हळूहळू एका बाजूला सरकू लागला. एका मुनिमाने धोतराचा सोगा नाकाला लावून खिडकी गाठली. एका बुवांनी मोठ्याने नामस्मरण सुरू केलं. पलीकडच्या बाकावर मात्र एक वयस्क बाई पेंगत बसली होती, तिने एकदम मान वर केली, दोनदा हुंगलं आणि तिचा चेहरा असा खुलला की जणू घरचं कुणी भेटलं. तिने जागा करून आसारामला जवळ बसवून घेतलं.

नर्मदाबाई तिचं नाव. वसईकडची कोळीण. परळी आणि औंढ्याचं दर्शन करून चार माणसांबरोबर घरी निघाली होती, आणि देवाच्या वाटेवर वरणभात खाऊन खाऊन जिवाला कंटाळली होती. गाठोड्यात काय आहे ते तिने विचारलं नाही, जात कुठे आहेस ते विचारलं. आसाराम खरं तर बोलायच्या मनःस्थितीत नव्हता. पण समोर ऐकणारं माणूस आलं की त्याचं तोंड आपोआप उघडे. त्याने फडकं सोडून जोडी दाखवली आणि सगळं सांगितलं. खोल पाणी, मेंढरासारखा कळप, जन्मभर न सुटणारी तोंडं.

नर्मदाबाईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग ती हसायला लागली. तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून, मग बरोबरच्या माणसांना सांगून पुन्हा पहिल्यापासून हसली. डोळे पुसून झाल्यावर तिने आसारामच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याची समजूत काढल्यासारखं खरं काय ते सांगितलं.

मासा खोल पाण्यातला, हे बरोबर. कळपाने फिरतो, हेही बरोबर, एवढा मोठा कळप की डोल जाळं भरून निघतं. जिवंत बोंबील लोण्यासारखा मऊ, अंगात नुसतं पाणी, काचेसारखा पलीकडचं दिसेल असा, शेपटीला तीन टोकं, आणि ताजा असला तर अंधारात थोडा चमकतोही. पण प्रेमबिम काही नाही. तोंड एवढं मोठं ते गिळायलाच. पुढे आला तर आपल्याच जातीचा लहान मासाही तो सोडत नाही. जोड्या लावतो ते आम्ही, ती म्हणाली. किनाऱ्यावर बांबू रोवून दोऱ्या ताणायच्या आणि त्यांवर बोंबील वाळत घालायचे. एकटा बोंबील दोरीवर राहत नाही, घसरून पडतो. म्हणून एक दोरीच्या अलीकडे, एक पलीकडे, आणि जबड्यात जबडा. एकाच्या वजनाने दुसरा टिकतो.

"मग हे नवरा-बायको न्हाईत?" आसारामने विचारलं.

ढिगातला हाताला लागेल तो उचलायचा, नर्मदाबाई म्हणाली, कुणाचा कोण कुणाला माहीत. तिने आपले हात त्याच्यापुढे उघडे केले. दोन्ही अंगठ्यांवर आणि पहिल्या बोटांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक काळपट डाग होते, शेकड्यांनी. हे त्यांचे दात, ती म्हणाली, ही खूण काही जात नाही. आणि एका गोष्टीचं तिला नवल वाटत होतं. पोत्यात भरताना, गाडीत हेलकावे खाताना निम्म्याहून अधिक जोड्या सुटून जातात. तुमच्या बाजारात त्या जोडीने कशा काय येतात?

आसारामचं त्याकडे लक्ष नव्हतं. तो फडक्यातल्या त्या दोन माशांकडे बघत होता. सेलू आलं तेव्हा उतरायचं भान त्याला नर्मदाबाईनेच दिलं.

चारठाण्यापर्यंत तो कधी कुणाच्या बैलगाडीत, कधी पायी गेला. गावाची जुनी देवळं दिसू लागली. आता सांगायचं काय? सासरवाडीला ही जोडीची गोष्ट तोंडपाठ होती, त्याच्या लग्नातल्या मंगलाष्टकांपेक्षाही जास्त. आणि खरोखर, तो ओसरीवर टेकतो न टेकतो तोच मेहुणा चंद्रभान शेजारपाजारच्यांना बोलावून आला. जावई जोडी घेऊन आलाय, ही बातमी गाठोड्याच्या आधीच पोचली होती. सासूने, छबूबाईने, पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि तीही दाराशी टेकून ऐकायला उभी राहिली. दगडाबाई अंगणात ज्वारी पाखडत होती. तिने सूप थांबवलं नाही.

सगळे तयार होते. आसारामने फडकं सोडलं आणि जोडी ओसरीवर ठेवली. हेच भाषण आणखी एकदा ठोकून द्यावं, कुणाला काय कळणार, असं त्याला वाटलं नाही असं नाही. चंद्रभानने तर त्याला पहिलं वाक्यसुद्धा सुचवून पाहिलं.

"मी सांगायलो ते खोटं हाय," आसाराम म्हणाला. "समुद्रात हे एकमेकाला धरून ऱ्हात न्हाईत. गिळतेत. दोरीवर वाळत घालताना कोळणी अडकवतेत. मला कायबी ठाव नव्हतं."

चंद्रभानला मनापासून वाईट वाटलं. त्याला दाजीची दया आली नव्हती, जमवलेल्या लोकांपुढे कार्यक्रम फसला याचं वाईट वाटलं होतं. शेजारी एकेक करून उठले, छबूबाई चुलीकडे गेली. अंगणात सूप थांबलं.

"मला ठाव व्हतं," दगडाबाई म्हणाली.

आसारामने मान वर केली. ती सांगू लागली. पहिल्याच वर्षी एका पोत्यात तीन बोंबील एकमेकांत अडकलेले निघाले होते. तेव्हाच तिला कळलं की हे कुणीतरी हाताने केलेलं काम आहे. तिने ते तिन्ही सोडवून ठेवले आणि त्याला दाखवले नाहीत.

"का गं?"

"तुमी लय खुशीत सांगायलते."

आणि पोत्यात बहुतेक तर सुटेच यायचे, ती म्हणाली. मग बाजाराच्या सकाळी त्यांचे जबडे पाण्यात भिजवून मऊ करायचे आणि एकेक जोडायचा. त्याला ते कधी दिसलं नाही, कारण त्या वेळी तो पटका बांधत असायचा.

आसारामने तिच्या हातांकडे बघितलं. अंगठ्यांवर आणि पहिल्या बोटांवर ते बारीक काळपट डाग होते. ते त्याने रोज बघितले होते, ताटात भाकरी पडताना बघितले होते, आणि कापूस वेचताना बोंडं टोचली असतील म्हणून सोडून दिले होते. वर्षानुवर्षं बाजारभर आपली जी वाहवा झाली ती या बोटांनी जोडून दिलेली होती, आणि त्याच बाजारात आपण हिची अक्कल काढली. त्याला फार लाज वाटली. लाजेच्याही वर तिच्याविषयी इतकी माया दाटून आली की सासूचं घर नसतं तर त्याने तिचे हात हातात घेतले असते.

"मीच बिनअकलेचा," तो म्हणाला.

"अक्कल तुमी रोजच काढता. त्याचं काय न्हाई," दगडाबाई म्हणाली. "धुरपतामावशी रिकाम्या हातानं गेली. ते लागलं मला."

पण आसाराम तो आसारामच. थोड्या वेळाने त्याचा चेहरा उजळला. त्या बाईने आणखी एक सांगितलं होतं, तो सांगू लागला, एकटा बोंबील दोरीवर टिकत नाही, एकाच्या वजनाने दुसरा...

"ऱ्हाऊ द्या," दगडाबाई म्हणाली. "त्याचं नवं प्रवचन नको." आणि सूप पुन्हा हातात घेत तिने विचारलं की मानवतचा बाजार आता कधी आहे.

त्या बाजाराला धुरपताबाई कडुनिंबाकडे न बघता पलीकडून चालली होती. आसारामने तिला हाक मारून आणलं. ढिगातली एक जोडी उचलून, दगडाबाईने केलं होतं तसं अंगठ्याने दाबून सोडवायला गेला तर दात बोटात रुतले आणि रक्त आलं. तरी त्याने सोडवली, आणि एक बोंबील म्हाताऱ्या हातावर ठेवला. माणसं जमली होतीच.

"पाप लागंल की रे," धुरपताबाई म्हणाली.

"लागू दे."

"अन् ऱ्हायलेल्याचं काय?"

"तो आमी दोघं खातो," आसाराम म्हणाला.

त्या दिवशी घरी दगडाबाईने तो बोंबील निखाऱ्यावर भाजला आणि मोडून दोघांच्या ताटात वाढला. आसाराम एवढं बोलला की शेवटी तिनेच त्याला जेवायची आठवण करून दिली.

लोकांना मात्र खरं काही पटलं नाही. आसारामने जीव तोडून सांगितलं तरी रुसलेल्या बायकांचे नवरे जोडीच मागत राहिले, आणि व्यंकटरावाच्या मते तर आसाराम आता म्हातारपणाने भ्रमिष्ट झाला होता. तेव्हा बाजाराच्या सकाळी अंगणात पाण्याची परात घेऊन दोघं बसू लागली. आसारामने जोडलेली जोडी पाटीत पडली की सुटे, मग दगडाबाई ती पुन्हा जोडी. पटका डोक्यावर कसातरी गुंडाळलेला असे. निजामी गेली त्या साली, बाजारात लोक दबल्या आवाजात बोलत होते तेव्हाही, कडुनिंबाखाली दोघं होतीच. नव्या कुणी ढिगाकडे बघून विचारलं की हे समुद्रातूनच असे जोडीने येतात का, तर आसाराम शेजारी बघायचा आणि म्हणायचा, "न्हाई. हे हिनं जोडलेत."